ॲलिस इन चेन्सचं अनप्लग्ड (१९९६) : अडखळलेलं, आजारी, आणि तरी जबरी

तापीकाठ

मंडळी, ॲलिस इन चेन्स या रॉक बँडचं एमटीव्ही अनप्लग्ड, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारी बाजूला ठेवून वाजवायचा टीव्हीवरचा कार्यक्रम. १० एप्रिल १९९६, न्यूयॉर्कला ब्रुकलिनमधलं मॅजेस्टिक थिएटर. ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायची गरज नाही, ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी आधी जाऊन बघा मग इथे या. नाहीतर बसा इथेच, मी सांगतोच.

सिॲटलचा बँड. ९२ ला यांचा डर्ट नावाचा अल्बम आला आणि गाजला. ९४ च्या जानेवारीत जार ऑफ फ्लाइज आली, बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, थेट एक नंबरला उतरलेली पहिली ईपी (छोटा अल्बम). आणि तिथूनच सगळं अडकलं. गायक लेन स्टेली हेरॉइनमध्ये पार रुतलेला, त्याच वर्षीची मेटालिका या बँडसोबतची टूर ऐनवेळी रद्द, नंतर ९५ च्या नोव्हेंबरात नवीन अल्बम आला, तोही एक नंबरला गेला, पण टूर काही झाली नाही. दोन वर्षांहून जास्त काळ बँड स्टेजवरच नाही. आणि परत आले ते कुठे, तर अनप्लग्डला! म्हणजे डिस्टॉर्शन (गिटारचा तो फाटका, खरखरीत आवाज) नाही, मोठे अँप नाहीत, सगळ्या अकूस्टिक गिटारी, लपायला जागाच नाही. एवढ्या गॅपनंतर कुणी शहाणा माणूस मोठ्या आवाजाच्या आड उभा राहिला असता, हे उलटंच करायला निघाले.

मेणबत्त्या लावलेल्या, नटशेल या गाण्याची गिटार सुरू होते, एकेक जण येऊन आपापल्या जागी बसतो आणि लेन सगळ्यात शेवटी. गुलाबी रंगवलेले केस, अंगाने पार वाळलेला, बसतो आणि डोळे मिटून गायला लागतो. आवाज पहिल्यासारखा कापत जात नाही, कुठे कुठे सुटतो, कुठे श्वास पुरत नाही. आणि तरी त्या पहिल्या ओळीला माझ्या अंगावर जो काटा येतो तो अजून जात नाही.

रात्रीची लाईट असली की केळीला पाणी द्यायला जावं लागतं, ड्रिपचा एक व्हॉल्व बंद करून दुसरा उघडायचा आणि मधले दोन-तीन तास नुसतं बसून राहायचं, तेव्हा हेच लावतो. काल परत पूर्ण ऐकलं, तेराही गाणी. आणि परत तोच विचार आला की लोकं या शोला निरोप समारंभ का बनवतात? मला नाही तसं वाटत. बोला.

वांगेभरीत

नाव ऐकून होतो, ऐकलं कधीच नव्हतं. आता दुकान बंद करून बघितलं. खरं सांगू का दादा, पहिली दहा मिनिटं मला काही कळेना, हा माणूस आजारी आहे हे दिसून राहिलं आणि मी म्हटलं याला कायले बसवलं हो इथे. मग ते गाणं आलं ज्यात तो मधेच चुकतो आणि शिवी देऊन थांबतो. तिथून मात्र हललो नाही.

तापीकाठ

ते स्लज फॅक्टरी. शब्द विसरला, शिवी हासडली आणि परत पहिल्यापासून. टीव्हीचं शूटिंग होतं, रीटेक घेता येतात, तसा कापून टाकता आला असता तेवढा भाग. तो ठेवला हेच भारी केलं.

अजून एक, जेरी कँट्रेल, म्हणजे तो सोनेरी केसांचा गिटारवाला, त्याला त्या दिवशी फूड पॉयझनिंग झालेलं होतं. म्हणजे बघा, गायक असा, आणि ज्याच्या जिवावर बँड उभा तो पोट धरून. शो बघताना तुम्हाला हे कळलं का? मला तर वाचलं नसतं तर कळलंच नसतं.

शिरपूरी

आते ऐकीसन उनू. माले ते रडूच उनं भो.

भुसावळ_जंक्शन

मी तुमच्यापेक्षा वयाने बराच मोठा असेन म्हणून जरा वेगळं सांगतो. माझ्याकडे ही आधी कॅसेट आली. मामेभाऊ दादरला राहायचा, त्याने आणून दिली, मी तेव्हा रेल्वेत नवीन लागलेलो, क्वार्टरमध्ये एक टेपरेकॉर्डर आणि एक खाट, बाकी सामान नाही. कॅसेटला चित्र नसतं हे लक्षात घ्या. लेन स्टेली कसा दिसतो, किती वाळलाय, केस कुठल्या रंगाचे, काही माहीत नाही. हेरॉइन वगैरे तर लांबच राहिलं, इंटरनेट कुठे होतं. तेव्हा मला हा आवाज कुणा आजारी माणसाचा वाटलाच नाही कधी. मला वाटायचं हा चांगला धिप्पाड माणूस असेल आणि मुद्दाम आवाज दाबून गातोय, कारण रूस्टरमध्ये जिथे तो आवाज सोडतो तिथे स्पीकर थरथरायचा.

व्हिडिओ बघितला तो कितीतरी वर्षांनी, यूट्यूब आल्यावर. आणि मग मात्र मला आधीसारखं ऐकताच येईना. तो समोर दिसतो, पुढे २००२ ला ५ एप्रिलला गेला हे माहीत असतं, वय फक्त ३४, आणि मग प्रत्येक श्वासात आपण मरण शोधत बसतो. तापीकाठ म्हणतो ते मला पटतं. हा शो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी सांगेन, आधी डोळे मिटून ऐक, नंतर बघ.

(रूस्टर हे जेरीच्या वडिलांचं टोपणनाव, ते व्हिएतनाम युद्धात होते, गाणं त्यांच्यावरच आहे. मुलाने बापावर लिहिलंय आणि गातोय मित्र. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.)

सातपुडा

मी जरा वाकडं बोलणार आहे, राग मानू नका.

एक माणूस व्यसनाने सगळ्यांसमोर संपत चाललाय, त्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं, कंपनीने सीडी विकली, ती बिलबोर्डवर तीन नंबरला गेली, आणि तीस वर्षांनी आपण इथे अंगावर काटा आला म्हणतोय. मी आरोग्य खात्यात आहे, व्यसनातली माणसं रोज बघतो. आमच्याकडे पाड्यावर दारूने गेलेल्या पोराचा आवाज चांगला होता म्हणून कुणी धागा काढत नाही. हे जे रॉ रॉ म्हणून कौतुक चाललंय ना, ते अर्धं कौतुक आजाराचंच आहे. तोच माणूस ठणठणीत असता आणि असाच चुकत गायला असता तर तुम्हीच म्हटलं असतं की रियाज कमी पडला.

वांगेभरीत

+१ म्हणू की नको समजेना. मुद्दा तर टोचला.

अमळनेरकर

सातपुडा, तुमचा मुद्दा हवेत सोडण्यासारखा नाही, पण "रियाज कमी पडला" हे मला चुकीचं वाटतं. मी काही वर्षं शास्त्रीय शिकले आहे, गाते म्हणण्याइतकं नाही, पण कान आहे. तर जरा गाण्यावर बोलते.

स्टुडिओत लेन स्वतःच्याच आवाजाचे थर चढवायचा. तीच ओळ परत परत गाऊन एकावर एक, कधी वरच्या सुरात, कधी खालच्या, आणि त्यात जेरीचा आवाज मिसळलेला. म्हणून डर्टवर तो आवाज भिंतीसारखा अंगावर येतो. लाइव्हमध्ये ते शक्यच नाही, एकच गळा. म्हणजे या शोमध्ये लेन नुसता अशक्त नव्हता, तो पहिल्यांदाच इतका एकटा ऐकू येत होता. यातला फरक करायला हवा ना?

आणि मग जेरी काय करतो ते हेडफोन लावून ऐका. डाउन इन अ होल लावा. जेरी लेनच्या आवाजाला झाकत नाही. तो शेजारी चालतो, अंतर राखून. लेन जिथे पातळ होतो तिथेही जेरी आपला आवाज वाढवून पुढे घुसत नाही, तेवढाच ठेवतो, म्हणून लेनच ऐकू येत राहतो आणि ओळ पडतही नाही. पोट बिघडलेलं असताना हे करणं म्हणजे काय, विचार करा. ओव्हर नाउ आणि हेवन बिसाइड यू मध्ये मेन आवाजच जेरीचा आहे, वुड? या गाण्यातही कडवी जेरी म्हणतो आणि लेन फक्त ध्रुवपदाला येतो. म्हणजे गाण्यांची रचनाच अशी की दोघांनी वाटून उचलायची. हे एका रात्रीत होत नाही. हा रियाजच आहे, फक्त एका माणसाचा नाही, पूर्ण बँडचा.

मला तरी यात कौतुक आजाराचं वाटत नाही. आजार असताना बाकीचे काय करतात त्याचं आहे.

बँडवाला_धुळे

ताईंनी बरोब्बर पकडलं. मी लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो, आपल्या खान्देशात सीझनमध्ये काय हाल असतात तुम्हाला माहितीये, गाडीवर स्पीकरची भिंत, पुढे पब्लिक, सकाळी हळद संध्याकाळी वरात, टिमली (आपल्याकडचा नाचाचा ठेका) वाजवा नाहीतर पोरं हलू देत नाहीत. मे महिन्यात मेन सिंगरचा घसा बसतो म्हणजे बसतोच. तेव्हा काय करायचं हे कुणी शिकवत नाही पण सगळ्यांना माहीत असतं. मी ट्रान्सपोज दाबून पट्टी उतरवतो, वरची ओळ कोरसवाल्याला इशारा करून देतो, ढोलवाला भरणा वाढवतो म्हणजे सिंगरला दोन श्वास जास्त मिळतात. पब्लिकला पत्ता नाही लागत. पण सिंगरला कळतं. रात्री जेवताना तो काही बोलत नाही, फक्त पहिली भाकर आपल्या ताटात टाकतो.

आम्ही पट्टी उतरवून लपवतो, यांनी लपवलं नाही एवढाच फरक. नटशेल तर मुळात अर्धी पट्टी खालीच ट्यून केलेलं आहे, त्याच्या खाली जाऊन काय करणार.

आणि चुकल्यावर सगळे एकदम थांबतात ते बघा. कुणी तोंड वाकडं करत नाही, कुणी मागे वळून बघत नाही. चला परत. बँडमध्ये राहिलेल्या माणसाला त्या एका क्षणावरून कळतं की आतलं वातावरण कसं आहे.

शिरपूरी

बँडवाला भो, तू ते पार मास्तर निघना.

सातपुडा

अमळनेरकर आणि बँडवाला, तुमचं वाचलं, परत डाउन इन अ होल ऐकलं. जेरीचं ते बरोबर आहे, आधी लक्ष गेलं नव्हतं. पण माझा प्रश्न तसाच आहे. बँड सांभाळून घेतो, चांगलं आहे, पण सांभाळून घेतल्यामुळेच माणूस अजून चार दिवस तसाच राहतो. व्यसनी माणसाच्या घरातही हेच होतं, सगळे मिळून सांभाळून घेतात. माझं काम बघता मला ते सुंदर वाटू शकत नाही.

भुसावळ_जंक्शन

हे मात्र खरं बोललात. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तापीकाठ

माझ्याकडे पण नाही. आणि मी त्याला उत्तर द्यायला जाणारही नाही. पण "कंपनीने बसवलं" या भागाबद्दल बोलतो, कारण तिथे लेनला आपण फारच बिचारा करून टाकतो.

तीन गोष्टी बघा त्या शोमधल्या. प्रेक्षकांत मेटालिकावाले येऊन बसलेले होते, त्यांनी नुकतेच केस कापलेले, तर बेसवाला माइक इनेझने आपल्या बेसवर लिहून आणलेलं की मित्र मित्राला असे केस कापू देत नाहीत. मधेच मेटालिकाच्याच गाण्याचं तोंड वाजवून मजा घेतात. आणि शेवटाकडे लेन म्हणतो की तीन वर्षांतला हा आपला सगळ्यात बेस्ट शो, तर बँडमधलाच एक जण म्हणतो अरे तीन वर्षांत एकच तर केलाय, त्यावर लेन, तरी बेस्टच! हा मरणाच्या दारातला माणूस बोलतोय असं वाटतं का? मला तर जुने दोस्त खूप दिवसांनी परत कामाला लागलेत आणि एकमेकांची खेचतायत असं दिसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, याच्यावर कुणी बोलत नाही. शेवटचं गाणं द किलर इज मी. हे आधी कुठल्याच अल्बमवर नव्हतं, नवं कोरं गाणं. निरोप घ्यायला बसलेला बँड नवं गाणं कशाला बसवेल हो? निरोपात लोकं जुनी हिट वाजवतात आणि हात हलवतात. यांनी फ्रॉग्जसारखं आठ मिनिटांचं अवघड गाणं घेतलं जे जेमतेम पाच महिन्यांपूर्वीच्या अल्बमवरचं, आणि वरून एक नवीन. ही पुढचा विचार करणाऱ्यांची यादी आहे. त्यानंतर जूनअखेर ते किस या बँडसोबत चार शो करायला गेलेही. ३ जुलैला कॅन्सस सिटीचा शो लेनचा बँडसोबतचा शेवटचा ठरला. ठरला, म्हणजे नंतर. त्या रात्री ब्रुकलिनला कुणालाच माहीत नव्हतं.

२००२ चा शेवट ९६ मध्ये कोंबून ऐकू नका एवढंच माझं म्हणणं. लेनला पण थोडं काम करू द्या, त्याला कायम मरतच ठेवू नका.

अमळनेरकर

शेवटच्या वाक्याला टाळ्या. जाता जाता, निर्वाणा बँडच्या अनप्लग्डचंही असंच झालंय. ते १८ नोव्हेंबर १९९३ चं, त्यांचा गायक कोबेन ५ एप्रिल १९९४ ला गेला, आणि तेव्हापासून प्रत्येक जण स्टेजवरच्या त्या फुलांकडे आणि मेणबत्त्यांकडे बघून म्हणतो की बघा त्याला माहीत होतं. त्यात लेनचीही तारीख ५ एप्रिलच, मग तर लोकांना अजूनच जोर येतो.

जळगाव_एमआयडीसी

उशिरा आलो, सेकंड शिफ्ट होती. सगळं वाचलं. निरोपाचंच बोलायचं तर गेल्या वर्षीचं घ्या ना, ५ जुलै २०२५, बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क मैदान, ब्लॅक सबाथ बँडचा निरोपाचा शो. तिथे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा गायक ऑझीला पार्किन्सन्स, चालता येत नाही, म्हणून काळ्या सिंहासनावर बसूनच गायला. चौघे मूळ मेंबर २० वर्षांनी एका स्टेजवर. आवाज कुठे धरतोय कुठे सुटतोय, पण उठायची धडपड करत होता खुर्चीतून. २२ जुलैला गेला पण. मी रडलो बाबा, लपवत नाही.

आणि तापीकाठ, तुझ्या धाग्याशी संबंध आहे, त्याच दिवशी त्याच स्टेजवर ॲलिस इन चेन्स पण वाजले होते. आता गायक विल्यम डुव्हाल. आणि तो केसांवरून टोमणा मारणारा माइक इनेझ, तो आधी ऑझीचाच बेसिस्ट होता, तिथून ९३ ला ॲलिसमध्ये आला. म्हणजे जुन्या मालकाच्या निरोपाला हजर.

अवांतर : सबाथचा गिटारवाला टोनी आयोमीचं माहितीये का? १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशीनवर उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तीही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. डावखुरा असल्यामुळे तार दाबायचा हात तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि वाजवत राहिला, पुढे तारा सैल पडाव्यात म्हणून ट्यूनिंग खाली आणलं, जड जड आवाज होत गेला. आमच्या प्लँटला प्रेसवर काम करणाऱ्या पोरांना मी ही गोष्ट सांगतो, पण आधी गार्ड लावा म्हणून सांगतो.

सातपुडा

व्हिला पार्क मला जास्त पटतं, मोकळेपणाने सांगतो. तिथे माणूस ७६ वर्षांचा, स्वतः ठरवून आलेला, पैसे पार्किन्सन्सच्या संस्थेला आणि मुलांच्या हॉस्पिटलला देणार होते. ते बघताना मला अपराधी वाटलं नाही. ब्रुकलिनचं बघताना वाटतं. तापीकाठचा नव्या गाण्याचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. पण वाटतं ते वाटतं.

तापीकाठ

वाटू द्या की. धागा त्याच्यासाठीच तर आहे.

पण मला विचाराल तर व्हिला पार्क मोठा कार्यक्रम झाला, भावना मोठी, मैदान मोठं, सगळ्यांना आधीच ठरवून रडायचं होतं. ब्रुकलिनला काहीच ठरलेलं नव्हतं. शो पडूही शकला असता, स्लज फॅक्टरीला पडलाच होता. पडायची खरी शक्यता असताना जे उभं राहतं ते मला जास्त आवडतं, आपली आपली आवड.

वांगेभरीत

परत सगळं बघितलं, या वेळी भुसावळ काकांचं ऐकून आधी नुसता आवाज. अँग्री चेअर! हे कुणी बोललंच नाही. मूळ गाणं केवढं आरडाओरडीचं, इथे हळू आवाजात ते जास्त भीतीदायक झालंय. हे लेनने एकट्याने लिहिलेलं आहे म्हणे. बाकीच्या गाण्यांत जेरी सोबत असतो, इथे तो माणूस स्वतःशीच बोलतोय असं वाटलं.

भुसावळ_जंक्शन

शाब्बास. आता सॅप नावाची ईपी ऐक, ९२ ची. ब्रदर आणि गॉट मी राँग त्याच्यातलीच. म्हणजे तुला कळेल की हे लोक अनप्लग्डसाठी अचानक अकूस्टिक झाले नाहीत, ते पहिल्यापासून दोन्ही करत होते. डर्टच्या आधी सॅप, नंतर जार ऑफ फ्लाइज. आणि २००९ चा ब्लॅक गिव्ह्ज वे टू ब्लू पण सोडू नकोस, डुव्हाल आल्यावरचा पहिला अल्बम. टायटल गाणं लेनसाठी आहे, त्यावर पियानो पॉपवाल्या एल्टन जॉनने वाजवलाय.

वांगेभरीत

एल्टन जॉन?? ॲलिस इन चेन्सवर? कुठल्या कुठे.

बँडवाला_धुळे

मी काल रात्री कीबोर्डवर नटशेल बसवून पाहिलं, ट्रान्सपोज मायनस वन लावला की कॅसेटशी बरोबर जुळतं. गिटारचा टोन घेऊ नका, भंगार वाटतो, इलेक्ट्रिक पियानोवर बरं लागतं. खालची ओळ मी म्हणतो कशीतरी. वरची म्हणायला माणूस पाहिजे. शिरपूरी, तू जवळच आहेस, रविवारी ये धुळ्याला.

शिरपूरी

येसू ना भो. पण माले ते फक्त टाया वाजाडता येतस.

अमळनेरकर

वरची ओळ मी म्हणते. अमळनेरहून धुळ्याला रविवारी पहिली एसटी किती वाजताची आहे तेवढं कुणीतरी सांगा.